पिपा किती दिवस पुरतो : हलक्या डब्याच्या प्रकल्प नोंदी

16 जुलै 2025, बुधवार

सकाळी पावणेआठला फोन आला. माझ्याकडून जेवणाचा डबा घेणाऱ्या, हिंगणा एमआयडीसीतल्या एका मेंबरच्या बायकोचा. नऊ वर्षांपासूनचा डबा, एकही महिना कधी थकवला नाही. भाऊंना मागच्या आठवड्यात स्टेंट टाकला. वय 44. "काकू, डबा बंद करावा लागेल. डॉक्टर बोलले, बाहेरचं खाणं बंद."

तब्येतीला जपा म्हटलं, फोन ठेवला. पण वांगी चिरता चिरता ते 'बाहेरचं' काही डोक्यातून जाईना. माझा डबा बाहेरचा? मसाला घरी कुटलेला, सोडा नाही, रंग नाही. गेटवरच्या पाटीवर 'अगदी घरच्यासारखा' असं मीच रंगवून घेतलंय.

त्यात दोन दिवसांपासून पेपरात समोसा-जिलेबी गाजतेय. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, आणि बातमी फिरली ती 'आता समोशावर सिगारेटसारखा इशारा' अशी, त्यात आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव. मग मंत्रालयाचा खुलासा आला की कुठल्या पदार्थावर इशारा वगैरे छापायचा नाहीये. डबे पोचवणारा पोरगा म्हणे, काकू, तुमच्या डब्यावर काय लिहायचं मग? हसले, पण मला खरंच सांगता आलं नसतं. माझ्या डब्यात तेल किती, हे मलाच माहीत नाही. बावीस वर्षं मी अंदाजाने ओतते.

म्हणून आधी मोजायचं. उधारीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहीन. बर्फीच्या ऑर्डरसाठी घेतलेला काटा आहे. डबे रोज 60, रविवार बंद. घरच्या स्वयंपाकाचं तेल उद्यापासून वेगळ्या पाकिटातून.

30 जुलै, बुधवार

बारा दिवसांत तेलाचे दोन पिपे संपले. पंधरा-पंधरा किलोचे. रोज अडीच किलो, भागिले 60. एका डब्यात 41 ते 42 ग्रॅम.

भागाकार तीनदा केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या 2000 कॅलरीच्या ताटात अख्ख्या दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम आहे. माझं एकवेळचं जेवण त्याच्या दीडपट. एका ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर पावणेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. संध्याकाळी ऑफिसबाहेर आलुबोंडा खाल्ला तर तो वेगळा.

त्या वहिनींना फोन करावासा वाटला. केला नाही.

1 ऑगस्ट, शुक्रवार

आज पदार्थवार मोजलं. प्रत्येक पदार्थासाठी तेलाचं भांडं आधी तोलायचं, काम झाल्यावर परत तोलायचं. पोळीवाल्या ताई वैतागल्या. "सोनं तोलून राहिल्या का तुम्ही?"

दर डब्यामागे रस्सा भाजी 14 ग्रॅम, सुकी भाजी 13, फोडणीचं वरण 4. आणि चार पोळ्यांत मिळून 10. हे 10 मला अपेक्षित नव्हते. कणकेत मोहन, घडीला बोट, तव्यावर बाजूने धार आणि उतरवल्यावर वरून हात. ताईंचा हात इतका सराईत आहे की तेल कधी लागलं ते दिसतच नाही. 240 पोळ्यांना सव्वासहाशे ग्रॅम गेलं. सगळे बोट दाखवतात ते सावजी रश्श्याकडे, कारण त्याचं तेल वर तरंगतं. पोळीतलं तेल पोळीतच राहतं, त्याला कोण नावं ठेवणार.

5 ऑगस्ट, मंगळवार

सोमवारपासून हलका डबा सुरू. वेगळा, विचारून. अकरा मेंबर तयार झाले, त्यांतल्या चौघांना बीपीची गोळी आहे.

काल रश्श्यात तेल सरळ अर्धं केलं आणि पडले तोंडावर. तिखट तेवढंच होतं, मसाला तोच, पण रस्सा दिसायला मातकट. पाच डबे अर्धे भरलेले परत आले. एकाने चिठ्ठी टाकली: "काकू, मी आजारी नाही."

विचार करत बसले तेव्हा कारण लक्षात आलं. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. मसाल्याचा वासही बराचसा तेलावरच स्वार होऊन येतो. तेल कमी झालं की रंगाला जागा उरत नाही, आणि नागपूरच्या माणसाची जीभ डोळ्यांच्या आधी कधी चालत नाही. तर्री दिसली पाहिजे.

आज असं केलं. कांदा आणि सुकं खोबरं कोरड्या तव्यावर मंद आचेवर काळपट होईपर्यंत भाजलं, दगडफूल-खसखस वेगळं. वाटण गंजात टाकून पाण्याचे हबके मारत परतलं. तळाला लागायला लागलं की हबका, परत सराटा. पंचवीस मिनिटं लागली, हात भरून आला. सुरुवातीला तेल फक्त मोहरी-जिऱ्यापुरतं. मग शेवटी, रस्सा उतरवायच्या वेळी, पळीत थोडं तेल गरम करून गॅस बंद केला, दहा आकडे मोजले आणि त्यात मिरचीपूड टाकली. चर्रर्र झालं पाहिजे पण काळं पडता कामा नये. ते तेल वरून फिरवलं. सगळा रंग वर. डब्यामागे साडेपाच ग्रॅम.

पोरगा वाकून बघत म्हणाला, "तर्री आली ना बाप्पा!"

एकच डबा अर्धा परत आला. त्याच्यात चिठ्ठी नव्हती.

10 ऑगस्ट, रविवार

राखीला आलेली भाची थांबली आहे. आहारशास्त्रात एम.एस्सी. करते. वही दाखवली. मला वाटलं शाबासकी देईल. तिने विचारलं, "मावशी, भात किती देतेस?"

तोलला. शिजलेला 250 ग्रॅम, म्हणजे कच्चा तांदूळ साधारण 90. चार पोळ्यांची कणीक 120. मिळून 210 ग्रॅम धान्य. त्याच पोषण संस्थेच्या ताटात दिवसभराचं धान्य 250 ग्रॅम आहे. आणि डाळ? 60 डब्यांना दीड किलो तूरडाळ, माणशी 25 ग्रॅम, तिथे दिवसाला 85 सांगितलेत. माझं वरण गोड लागतं म्हणून नावाजलेलं, पण ते बहुतेक पाणीच आहे.

मग तिने भाऊंचा रिपोर्ट बघितला. (वहिनींनी परवा स्वतःहून पाठवला. मी हलका डबा सुरू केल्याचं पोऱ्याकडून कळलं म्हणे.) एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, 118, फार काही भयंकर नाही. ट्रायग्लिसराइड 268, जे 150 च्या आत हवं. एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते, 34. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, 6.3. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून घरात.

"हे नुसत्या तेलाचं काम नाही मावशी, हे भात-पोळी-साखरेचंही आहे." तिने सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहून ठेवते. खुर्चीत बसणाऱ्या माणसाने गरजेपेक्षा जास्त पिठूळ खाल्लं की इन्सुलिन वाढतं. ती जास्तीची साखर यकृताच्या वाट्याला येते, ते तिची चरबी करतं आणि रक्तात सोडतं. तेच ट्रायग्लिसराइड. ते वाढलं की एचडीएल उतरतं. चरबी यकृतात आणि पोटात साठत गेली की इन्सुलिनचं शरीर ऐकेनासं होतं, मग इन्सुलिन आणखी लागतं. तेल या सगळ्यात वरून कॅलरी ओतत राहतं.

मी म्हटलं, पण भाऊ काही जाडे नाहीत. त्यावर तिने पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के, आपले याज्ञिक 21.2. हातपाय बारीक, चरबी मात्र आत. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबर बघायची: पुरुष 90 सेंटिमीटर, बाई 80. भाऊंची 98.

त्या फोटोची गोष्ट मी नंतर दोन मेंबरना फोनवर सांगितली. तेलाचा सगळा हिशोब ऐकवूनही जे पटत नव्हतं, ते पटलं.

18 ऑगस्ट, सोमवार

हलका डबा बंद केला. म्हणजे साधा डबा बंद केला, आता सगळ्यांना एकच.

दोन गंज, दोन कढया, दोन परातींच्या कणका हे मला आणि ताईंना झेपेना. दुसरं कारण पोऱ्याने सांगितलं. ऑफिसात सगळे एका टेबलवर बसतात, हलका डबावाले शेजारच्याच्या डब्यातून तर्री ओढतात आणि स्वतःचा पालक तसाच ठेवतात. पथ्याचा वेगळा डबा दिला की माणूस स्वतःला पेशंट समजतो, आणि जेवताना पेशंट व्हायला कोणी तयार नाही.

नवीन डबा: तीन पोळ्या, भात 120 ग्रॅम, घट्ट वरण (डाळ माणशी 40 ग्रॅम), मोड आलेली मटकी किंवा हरभऱ्याची उसळ आठवड्यातून चारदा, कोशिंबीर, आणि जवसाची चटणी. जवस आपल्या विदर्भाचं, आजी तर जवसाच्या तेलात भाजी फोडणीला टाकायची. वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-3 त्यात भरपूर असतं. अख्खे दाणे न पचता तसेच निघून जातात, म्हणून भाजून कुटायचं. कुटलेलं लवकर खवट होतं, एका आठवड्याचंच करायचं. सोमवारी ज्वारीची भाकर.

पोळीचा प्रश्न ताईंनी स्वतःच सोडवला. वरून तेल न लावता पोळी एक वाजेपर्यंत वातड होते, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. आता कणीक सैल भिजवून पाऊण तास झाकून ठेवतात, मोहन कणकेतच, आणि पोळ्या गरम असतानाच सुती कपड्यात गुंडाळून डब्यात. पोळीमागे 1.3 ग्रॅम. "बाई, तेल लावायचे हात वाचले, चाळीस मिनिटं लवकर सुटते मी," म्हणाल्या. खरा फायदा त्यांच्या मते हाच.

आज सात मेंबर गेले. एकाने साफ सांगितलं: भात अर्धा, पैसे तेवढेच, हे काहून? डाळ तांदळाच्या जवळपास दुप्पट महाग आहे हे समजावायला गेले. त्याने ऐकून घेतलं, पण गेला.

23 ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. काल पोळ्याच्या पुरणपोळ्या, आज डबे बंद, सगळे मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घालवणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक बघायला. गल्लीतली पोरं ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत", आणि आमच्या पोऱ्याने माझ्याकडे बघत जोडलं, "कोलेस्टेरॉल घेऊन जा गे मारबत!" काही मोजलं नाही.

3 सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्या झाल्या. आता मीठ.

किलोची पुडी तीन दिवसांत संपते. माणशी पावणेसहा ग्रॅम, लोणचं-पापड सोडून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. रक्तात सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, नळ्यांतला दाब वाढतो, आणि हृदयाला रोज त्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं.

तेलाची चूक परत करायची नाही. एकदम अर्धं नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कमी, कोणाला न सांगता. जीभ काही आठवड्यांत रुळते. पापड रोजचा बंद, शनिवारी भाजलेला. लोणच्याऐवजी लिंबाची फोड. कणकेतलं मीठ मात्र आजच बंद केलं, आणि ते अजून कोणाच्याही लक्षात आलेलं नाही.

भाचीला विचारलं, ते पोटॅशियमवालं मीठ घालू का? चीनमध्ये वीस हजारांवर लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, 2021 मध्ये निकाल आले, पक्षाघात 14 टक्क्यांनी घटले. तिने सांगितलं, चांगलं आहे, पण किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. 58 डबे आहेत (सात गेले, पाच नवे आले). कोणाची किडनी कशी, मला काय ठाऊक. नाही घालणार. ज्याला हवं त्याने डॉक्टरला विचारून घरी वापरावं.

12 सप्टेंबर, शुक्रवार

आलुबोंड्याचा वार. बंद केलेला नाही, करणारही नाही. पंधरा दिवसांतून एकदा, एक नग. पण तळणीच्या तेलाची सवय मोडली. आधी उरलेलं तेल गाळून बरणीत, मग दुसऱ्या दिवशी भाजीत. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात नको ती संयुगं साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून त्यावर 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. माझा उपाय म्हणजे लहान कढई. थोडं तेल, चार-चार बोंडे, उभं राहायला जास्त वेळ, आणि शेवटी टाकायला उरतं वाटीभर.

23 सप्टेंबर, मंगळवार

8 तारखेला उघडलेला पिपा आज संपला. मधले दोन रविवार सोडून चौदा दिवस. 58 डब्यांना रोज साधारण 1070 ग्रॅम, डब्यामागे साडेअठरा.

सहा दिवसांवरून चौदा. पिप्यावर मार्करने दोन्ही तारखा लिहून तो परत न करता कोपऱ्यात ठेवला. तेलात वाचलेले पैसे डाळीत आणि कोशिंबिरीत गेले, हिशोब बरोबरीत सुटला. मीठ 3.6 ग्रॅमवर.

कालपासून नवरात्र. नऊ मेंबरचा उपास, त्यांतले तिघे म्हणतात रोज साबुदाण्याची खिचडी द्या. उसळीवर नाक मुरडणारा माणूस नऊ दिवस निव्वळ पिठूळ, वर दाण्यांचं कूट आणि तूप आनंदाने खातो, कारण तो उपास आहे. मी भगर आणि दही-काकडी देणार आहे. वाद झालाच तर देवीवर सोपवू.

13 ऑक्टोबर, सोमवार

भाऊंचे तीन महिन्यांनंतरचे रिपोर्ट वहिनींनी पाठवले. (डबा सप्टेंबरपासून परत सुरू आहे. "डॉक्टरांना आकडे दाखवले तुमचे," एवढंच म्हणाल्या.) ट्रायग्लिसराइड 268 वरून 164. एचबीएवनसी 5.9. एलडीएल 118 वरून 62.

वाचून आनंद झाला आणि लगेच स्वतःला आवरलं. एलडीएलची ती उतरण गोळीची आहे, डब्याची नाही. स्टेंटनंतर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू असते. ते रोज सकाळी अंबाझरीला चालायला जातात. संध्याकाळचा समोसा आणि तीन साखरेचे चहा सुटलेत. कंबर 98 ची 94 झाली. त्यात माझा वाटा किती, हे कुठल्याच काट्यावर निघणार नाही. माझा डबा दिवसातलं एकच जेवण आहे, तेही आठवड्यातून सहाच दिवस.

भाचीने फोनवर विचारलं, "आणि तुझी कंबर, मावशी?"

शिवणकामाची टेप काढली. 91.

14 ऑक्टोबर, मंगळवार

आज माझं ताट तोललं. डबे गेले की साडेतीनला मी जेवते, ओट्याशी उभ्यानेच. सकाळपासून पोटात दोन चहा आणि चव बघितलेलं. गंजात उरलेला भात टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून सगळा घेते, वर रस्सा. काट्यावर नुसता भात 380 ग्रॅम. मेंबरला मोजून 120, मला 380. सगळ्या वहीत हा एक आकडा कुठेच नव्हता.

रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे, परवा जाते.

18 ऑक्टोबर, शनिवार

माझं एचबीएवनसी 6.0, ट्रायग्लिसराइड 197. डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही, जानेवारीत परत बोलावलंय. आजपासून अकराला, भात लावायच्या आधी, एक भाकर आणि उसळ खाऊन घेतली. गंजात तांदूळ पाव किलोने कमी घातला, तरी कोणाला कमी पडला नाही.

आज धनत्रयोदशी. चिवडा-चकलीच्या ऑर्डरी आहेत, ताई सकाळीच नवा पिपा घेऊन आल्या आणि त्यावर माझ्या मार्करने मोठ्या अक्षरांत 'दिवाळी' लिहून मोकळ्या झाल्या. हा वहीत धरायचा की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.